गोकर्ण चालतं, मोह का नाही?

गोकर्णाची पाच-सहा फुलं ६० मिली जिनमध्ये भिजवायची, लिंबू पिळायचं, वर टॉनिक. निळ्याचं जांभळं होतं. लातुरात घरी मी हे करतो तेव्हा मित्र ‘क्राफ्ट’ म्हणतात. (परमिट कुणी विचारत नाही.) शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, किनवटकडे मोहाची फुलं वेचून, आंबवून गाळली की तीच ‘हातभट्टी’. अरे, जिन म्हणजे तरी काय? तयार स्पिरिटला ज्युनिपरचा वास. मोहाची तर अख्खी दारूच फुलाची! १९४९च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांसाठी खास कलमं आहेत. गोव्याच्या काजू फेणीला मात्र २००९ साली जीआय मिळाला. भेसळीची भीती खरी आहे. मग तपासणी करा, परवाने द्या. आणि पहिले परवाने किनवटच्या गोंड-कोलामांना द्या, पुण्यातल्या डिस्टिलरीला नव्हे.