इंजिनाच्या सुट्या भागांची सरमिसळ

भिवापूरच्या मिरचीस सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, याचा अभिमान आमच्या वाचकांस वाटतो व तो यथार्थ आहे. परंतु मिरची वाळली, सातऱ्यावर तिचे देठ खुडले व पोतीं भरलीं, म्हणजे तिचा पैसा झाला असें होत नाहीं. तीं पोतीं उमरेडमार्गें नागपूरच्या कळमना बाजारांत वेळेवर पोंचलीं, तरच भाव पदरांत पडतो. माघ-फाल्गुनांत आभाळ भरून आलें असतां भरलेला ट्रक दोन दिवस रस्त्याच्या कडेस उभा राहिला, तर वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत काळी पडते. म्हणून ट्रकाच्या इंजिनाची गोष्ट केवळ मिस्त्रीची नसून शेतकऱ्याच्या घरची आहे, असें आम्ही समजतों.

नवा ट्रक घेण्याचें सामर्थ्य थोड्यांसच असतें. बहुधा दोघेचौघे भागीदार मिळून जुना ट्रक घेतात, आणि तो ऐन हंगामांत बसतो. मूळ बनावटीचा भाग महाग, शिवाय तो येण्यास दिवस लागणार. इकडे भंगार बाजारांत त्याच कंपनीच्या, त्याच नांवाच्या, पण दुसऱ्या सालच्या ट्रकाचा भाग तयार पडलेला असतो. मिस्त्री म्हणतो, "थोडा घासून बसवून देतों." मालक हो म्हणतो. हें हो म्हणण्यापूर्वीं कोणता विचार करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

घासून बसविण्याची संवय आम्हां शेतकऱ्यांस बंडीनें लावली आहे. बंडीचा आरा मोडला तर सुतार दुसऱ्या चाकाचा आरा तासून बसवितो, आणि बंडी चालते. लांकूड नमतें, फुगतें, पाचर घेतें. इंजिनाचें तसें नाहीं. त्याचे भाग तासावे लागूं नयेत, म्हणूनच ते यंत्रावर मापानें घडविलेले असतात. सन १९०८ मध्यें इंग्लंडांत रॉयल ऑटोमोबाईल क्लबानें या गोष्टीची जाहीर परीक्षा घेतली. कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्ण सोडवून त्यांचे भाग एकत्र मिसळले. त्यांतील ८९ भाग काढून घेऊन त्यांच्याऐवजीं विक्रीच्या साठ्यांतले भाग घातले. आणि त्या ढिगांतून पाने व पेंचकस एवढ्याच हत्यारांनीं तीन मोटारी पुनः उभ्या केल्या. त्या ब्रुकलँड्सच्या धांवपट्टीवर ५०० मैल चालल्या. सरमिसळीचे कैवारी अशा दाखल्यांवर भिस्त ठेवतात. परंतु तिन्ही मोटारी एकाच नमुन्याच्या होत्या व कानस कोणीं हातीं धरली नव्हती, हें ध्यानांत घेत नाहींत. यावरून आम्ही एक साधा नियम काढतों: जेथें कानस लागली, तेथें तो भाग आपल्या इंजिनाचा नव्हे.

मात्र याच्या उलट नियम खरा नाहीं. कानस न लागतां बसला, एवढ्यानें भाग आपला ठरत नाहीं. टाटा कंपनीनें सन १९५४ मध्यें जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला. तें सहकार्य सन १९६९ मध्यें संपलें. पुढें टाटांच्या इंजिनांचीं मापें वेळोवेळीं बदलत गेलीं. यांपैकीं कित्येकांच्या नांवांतच माप आहे: पहिला आंकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर व ९२ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर व ९७ मिलिमीटर बोअर. येथें फरक मापांत उघड आहे, म्हणून फसगत कमी. परंतु ४०७ ट्रकांतील ४९७ इंजिनाचाही बोअर ९७ च आहे. मात्र ६९७ मध्यें पिस्टन १२८ मिलिमीटर खालींवर जातो, तर ४९७ मध्यें १०० च. शिवाय एकाच इंजिनाचे साधा व टर्बोचा असे दोन प्रकार निघतात. टर्बोच्या पिस्टनावर दाब व उष्णता अधिक, म्हणून त्याची घडण निराळी. तात्पर्य, पिस्टनाची उंची, पिनेची जागा, माथ्याचा खोलगटपणा यांची चौकशी बोअर जुळल्यावर सुरू होते, संपत नाहीं.

तर मग भंगारांतील कोणताच भाग घेऊं नये काय? असें आमचें मत नाहीं. आमच्या मतें भागांचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग बाहेरून आवळलेल्या भागांचा: आल्टरनेटर, सेल्फ, वॉटर पंप इत्यादि. बोल्टांचीं भोकें, पट्ट्याची रेषा व सेल्फाचे दांते जुळले, तर हे खुशाल घ्यावे. बिघडले तरी इंजिन सहसा मरत नाहीं.

दुसरा वर्ग हेड, पिस्टन, लायनर, क्रँक यांचा. हे केवळ भागावरचा क्रमांक पाहून, अथवा प्रत्येक माप मोजूनच घ्यावे. हेडाची एक परीक्षा मालकास स्वतः पाहतां येते. आपल्या इंजिनाचें गॅस्केट त्या हेडावर ठेवावें. पाण्याचें वा तेलाचें एकही भोंक झांकलें जात असेल, तर तें हेड परत करावें. पिस्टन वा हेड बदललें असेल, तर पिस्टनाच्या माथ्यावर मऊ शिशाची तार ठेवून, गॅस्केटासह हेड आवळून, क्रँक हातानें फिरवावा व दबलेली तार मोजावी. तिची जाडी कंपनीच्या पुस्तकांतील अंतराशीं जुळली पाहिजे. या कामास फार वेळ लागत नाहीं. मोडलेलें इंजिन सारा हंगाम खातें.

तिसरा वर्ग जोडीच्या भागांचा. कनेक्टिंग रॉड व त्याची टोपी, ब्लॉक व त्याच्या मुख्य बेअरिंगांच्या टोप्या, डिझेल पंपांतील प्लंजर व त्याचें नळकांडें, हीं जोडीनेंच घडविलेलीं असतात. एकत्र जुंपून मुरलेली बैलजोडी फोडून त्यांतील एक बैल परक्या जोडीस लावला, तर नांगर कसा चालतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. या वर्गांत एका सालच्या गाडीचा भागसुद्धां त्याच सालच्या दुसऱ्या गाडीस चालत नाहीं. घ्यावयाची तर सबंध जोडी घ्यावी.

अलीकडच्या ट्रकांविषयीं अधिकच सावध राहिलें पाहिजे. ता. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज-४ व ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हीं धुराचीं मानें लागू झालीं. यांपैकीं बहुतेक इंजिनांत डिझेल किती व केव्हां सोडावें हें विजेचा मेंदू ठरवितो. पुष्कळ इंजिनांत प्रत्येक नोझलाचा सांकेतिक क्रमांक त्या मेंदूंत भरावा लागतो. तेथें जुन्या सालचा भाग 'चालवून पाहणें' म्हणजे आंधळ्याच्या हातीं कासरा देणें होय.

कायद्याचीही एक बाजू आहे. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो व तो ब्लॉकावर कोरलेला असतो. ब्लॉक किंवा सबंध इंजिन बदललें, तर सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ पाहून नोंदणी कार्यालयाची मंजुरी घेतलीच पाहिजे. तसें न केल्यास अपघाताच्या वेळीं विमा कंपनीशीं तंटा उभा राहतो. आणि भंगारांतला ब्लॉक चोरीच्या गाडीचा निघाला, तर पोलीस मालकाच्याच दारीं येतात. ब्लॉक घेतांना विकणाऱ्याची पावती घ्यावी व तीवर इंजिन क्रमांक लिहवून घ्यावा.

आमचा रोख मिस्त्रीवर नाहीं. आमच्या मिस्त्रींनीं थोड्या हत्यारांनिशीं जीं इंजिनें जिवंत ठेविलीं, त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु मिस्त्रीच्या हातीं माप दिलें नाहीं, तर तो नजरेवर चालणारच. आणि नजर फसली तर नुकसान मालकाचें. म्हणून आमची सूचना अशी कीं, शेतकऱ्यांच्या संस्थांनीं गांवोगांव एक वही ठेवावी. कोणत्या सालच्या ट्रकास कोणत्या सालचा कोणता भाग, कोणत्या क्रमांकाचा, बसविला, तो किती दिवस टिकला, कसा बिघडला, एवढें तींत लिहावें. दोन-तीन हंगामांत ती वही भंगारवाल्याच्या शपथेहून अधिक मोलाची होईल. मायक्रोमीटर व कंपनीचें भागांचें पुस्तकही संस्थेनें विकत घ्यावें. दहा ट्रकमालकांनीं मिळून तो खर्च जड नाहीं.

कंपन्यांसही आमचें सांगणें आहे. सालागणिक काय बदललें व काय तेंच राहिलें, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. तें मराठींत छापून सर्वांस खुलें करावें. ज्यानें ट्रक विकत घेतला, त्यास तो दुरुस्त करण्यापुरतें ज्ञान मागण्याचा हक्क आहे. तें दडवून ठेविल्यास शेतकरी भंगाराकडे वळणारच.

तोंवर शेतकरीबंधूंनीं एवढें तरी करावें: हंगाम सुरू होण्यापूर्वीं इंजिन उघडून पाहावें, म्हणजे घाईनें परका भाग घेण्याची पाळी येणार नाहीं. बियाणें आपण पेरणीच्या दिवशीं शोधीत नाहीं. सुटा भाग तरी भरल्या ट्रकाखालीं बसून कां शोधावा?