ढालीऐवजी शेंगदाणे

हैदराबादेहून नागपूरकडे जाताना निर्मल मागे पडले, घाट चढला, की आदिलाबादच्या अलीकडे नेरडीगोंडा लागते. कुंतला धबधबा पाहावयास निघालेली आपली मंडळी येथे चहापुरती उतरतात. गेल्या महिन्यात मीही तसाच उतरलो होतो. दिवस कलला होता आणि रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत पोरांचा कबड्डीचा सराव चालला होता. सराव संपल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा जवळ आला आणि सरहद्दीवरच्या मराठीत त्याने विचारले, "काका, हैदराबादेत प्रोटीनचा डबा स्वस्तात मिळतो काय?" पोटऱ्या तीन-तीन दिवस दुखतात, दमसास टिकत नाही, डबा घेतल्यावाचून काही व्हायचे नाही, असे कोणी जाणत्याने त्याला सांगितले होते. डब्याची किंमत म्हणजे त्याच्या वडिलांची आठ-दहा दिवसांची मजुरी.

दिवसभरात काय खाल्लेस, असे मी विचारले. सकाळी चहा व शिळी भाकर, दुपारी शाळेत भात-वरण. आता सरावानंतर? "घरी गेल्यावर, नऊ वाजता." म्हणजे दुपारपासून रात्रीपर्यंत पोट रिकामे, आणि त्यातच दोन तास झटापट!

व्यायामाने शरीर बळकट होते हे अर्धेच खरे आहे. कसून केलेल्या व्यायामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून निघते नंतरच्या एक-दोन दिवसांत, आणि तेव्हाच स्नायू पूर्वीपेक्षा दणकट होतो. या डागडुजीचा माल म्हणजे प्रथिने. पोटात पुरेसे धान्य नसेल तर तीच प्रथिने सरपणासारखी जळून जातात, मग डबा घेऊनही काय उपयोग? साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. नित्य सराव करणाऱ्याला दीड ग्रॅमच्या आसपास लागतात. या 45 किलोच्या मुलाला दिवसाला 65-70 ग्रॅम हवीत, आणि तीही एकदम नव्हे, तीन-चार वेळांत वाटून.

इतकी प्रथिने त्याच्या गावातच आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम, तुरीच्या डाळीत बावीस, शेंगदाण्यात पंचवीस. एका अंड्यात सहा. ज्वारीत लायसिन हा घटक तोकडा असतो, तो डाळ भरून काढते. आपल्या आज्यांनी भाकरीशेजारी वरण वाढले ते काही रसायनशास्त्र वाचून नव्हे! सोयाबीन तर या जिल्ह्यात उदंड पिकते, पण तेल आणि पेंड होऊन बाहेर जाते. ते नीट भाजून, दळून ज्वारीच्या पिठात नवास एक या प्रमाणात मिसळले तरी भाकरीचा कस वाढेल. कच्चे मात्र घालू नये. ते पचनास बाधते.

राहिली विश्रांती. तिची गोष्ट निघाली की मला खाशाबा जाधव आठवतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या मातीत घडला आणि 1952 साली हेलसिंकी येथे 57 किलो गटात त्याने कांस्यपदक मिळविले. जपानच्या इशीशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. मध्ये अर्धा तास विसावा देण्याचा नियम होता, पण तो मागावयास आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. ती कुस्ती ते हरले. दूध-बदामाची थंडाई आपण कौतुकाने सांगतो, पण तालमीतली दुपारची झोप आणि अंगाची मालिश यांना आपण मल्लांची चैन समजत आलो.

आता थोडे आपल्या घरचे. आदिलाबाद 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात आपल्याबरोबर होते, आणि आपल्यापैकी कित्येकांची शेती-नातेवाईक आजही तिकडे आहेत. तिकडच्या सामन्यांची वर्गणी आली की आपण नाही म्हणत नाही. वडिलांच्या नावाची एक ढाल देतो, फोटो काढतो. मीही दोनदा दिली आहे. त्या दोन ढालींच्या पैशांत एका संघाला सरावानंतर गूळ-शेंगदाणे आणि एकेक उकडलेले अंडे महिनाभर सहज मिळाले असते, हा हिशेब मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर प्रथमच मांडला आणि मला शरम वाटली. अंडे न खाणाऱ्या मुलाला फुटाणे, ताक द्यावे. वाढणारी एखादी ओळखीची बाई मिळाली की झाले, त्यासाठी समिती नको.

संयोजकांनी यंदाही ढालीसाठी पत्र पाठविले आहे. ढाल देणार नाही, त्याऐवजी शेंगदाण्याचे पोते आणि गुळाची ढेप पाठवितो, असे मी उलट टपाली कळविले. त्या मुलाला डब्याविषयी काय सांगायचे तेही त्याच पत्रात लिहिले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.