बिनतारी संदेशांची गुप्तता कुठवर?

पोलिसांचे बिनतारी संभाषण कोणत्या कंप्रतेवर, म्हणजे बोलीभाषेतल्या फ्रिक्वेन्सीवर, चालते याचे कुतूहल तरुणांना वाटावे, यात नवल नाही. कायद्याला मात्र ते मान्य नाही. विनापरवाना बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. (घरच्या रेडिओलाही एकेकाळी पोस्टातून परवाना काढावा लागे, हे आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटणार नाही.) २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवान्याचे तत्त्व सोडलेले नाही. ते योग्यच आहे. मोहीम चालू असता पोलिसांचा शब्द गुन्हेगाराच्या कानी पडता कामा नये.

परंतु मोहीम संपल्यावर काय? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत धारातीर्थी पडले. त्या रात्री नियंत्रण कक्षाशी काय बोलणे झाले, हे कळण्यासाठी विनिता कामटे यांना माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. त्या नोंदींच्या आधारे २००९ साली पुस्तक लिहून त्यांनी कुमक का पोहोचली नाही, असा जाहीर सवाल केला. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्नीची ही गत, तर डोंबिवलीच्या कारकुनाची काय कथा!

याच डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ व २०२४ च्या मे महिन्यांत भीषण स्फोट झाले. अशा वेळी वर्दी केव्हा मिळाली, मदत केव्हा निघाली, याचा पुरावा बिनतारी नोंदींतच असतो. ठाणे पोलीस आयुक्तालयाने आपली कंप्रता खुशाल गुप्त ठेवावी. ध्वनिमुद्रणे मात्र जपून ठेवावीत आणि तपास आटोपताच मागणाऱ्या नागरिकाला द्यावीत.