पिशवी काढण्याआधी

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई अंगावरून जास्त जातंय, हे सहसा कुणाला सांगत नाही. हजार विड्या भरायच्या असतात. जिना चढताना धाप लागायला लागली, नखं पांढरी पडली की मग सोनोग्राफी. तीत गाठ निघते आणि लगेच सल्ला येतो, ‘मावशी, मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका.’

गर्भाशयातली ही गाठ बहुतेक वेळा फायब्रॉइडची असते, कर्करोगाची नव्हे. तिचा सगळा जीव रक्तावर. संप्रेरकांवर ती पोसते आणि आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या फुटतील अशी रसायनं सोडते. गाठीच्या आत वाहिन्या विरळच असतात; दाट जाळं असतं ते तिच्या भोवती. गाठ आतल्या अस्तराला लागून असली, तर पाळी थांबता थांबत नाही.

हा रक्तपुरवठाच बंद करता येतो. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि मिलिमीटरहून लहान कण सोडून वाट बुजवतात. काही महिन्यांत गाठ आक्रसते, पिशवी शाबूत राहते. फ्रान्सचे डॉ. रावीना यांनी १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा उपाय मांडला. तो सगळ्यांना चालत नाही. पुढे मूल हवं असेल तर फार विचार करावा लागतो. पण औषधं आहेत, नुसती गाठ काढण्याची शस्त्रक्रिया आहे. काहीजणींना पिशवी काढणंच योग्य ठरतं, हेही खरं. राग आहे तो पहिल्याच भेटीत तेवढंच सांगण्याचा.

हे फक्त विडी वळणाऱ्या बायांपुरतं नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या त्रासाने खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून अनेकींनी ऐन तिशीत हा मार्ग धरला. तिथल्या काही ऊसतोड टोळ्या हंगामात सोलापूरच्या कारखान्यांवरही येतात. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना एप्रिल २०२३ मध्ये बजावलं आहे.

तेव्हा नळीचा हा उपचार सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गरीब बाईला फुकट मिळाला पाहिजे. आणि तिचा अंगठा घेण्याआधी सगळे पर्याय मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, जी तिची भाषा असेल तीत, कुणीतरी तिच्याजवळ बसून सांगितले पाहिजेत.