बागेचं फाटक आणि साठ हजारांचं पाकीट

पावसाळा सरला की दोन गोष्टी हमखास येतात. एक डेंग्यू, आणि दुसरी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस: ‘ज्येष्ठांसाठी व्हिटॅमिन डी तपासणी शिबिर, सवलतीच्या दरात’. चार महिने ढग, त्यात ओल्या रस्त्यावर घसरू म्हणून घरात बसलेली म्हातारी माणसं. आत्ता रक्त काढलं तर आकडा खालीच येणार. शिबिरवाल्यांना हे कळत नाही असं समजू नका. (कमिटीत असताना मीही त्यांना हॉल दिलाय, चहा पाजलाय.)

रिपोर्टात ३० च्या खाली दिसलं की ‘अपुरे’ असं ठळक छापून येतं. हा ३० चा आकडा २०११ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने दिला होता. तिनेच २०२४ साली तो सोडून दिला! निरोगी माणसाची सरसकट तपासणी नको, पंचाहत्तरीपुढच्यांना तपासणीशिवायच व्हिटॅमिन डी द्या, आणि तेही रोज थोडं थोडं, एकदम मोठा डोस नको, असं आता ती म्हणते. हाडं ठिसूळ झालेली, किडनीचा आजार असलेली माणसं वेगळी. त्यांचं डॉक्टर बघतील.

आणि आपल्याकडे? साठ हजार युनिटचं पाकीट, आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे. नववा आठवडा आला की थांबवायचं कोणी? केमिस्ट मागाल तितकी देतो. आमच्या ओळखीतले एक काका ‘रोज एक’ समजून घेत राहिले. उलट्या, बद्धकोष्ठ, बोलण्यात भ्रम. घरच्यांना वाटलं वयामुळे. रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले, तर पडणं आणि हाड मोडणं उलट वाढलं. २०१० साली ते छापूनही आलं. साठीपुढे रोजची गरज आहे ८०० युनिटची.

आता उन्हाचं. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, पण सात वाजताच्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण जवळपास नसतातच. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि तेही बंद काचेमागे बसून नाही. म्हातारी कातडी मुळातच कमी बनवते, म्हणून काहींना गोळी लागेलच. पण आमच्या बागेचं फाटक दहाला बंद होतं ते चारला उघडतं! नेमक्या कामाच्या वेळेला कुलूप. मग आजोबांनी जायचं कुठे, गच्चीवर? तिलाही कुलूप, चावी सेक्रेटरींकडे.

फाटक अकरा ते एक उघडं ठेवा, पायवाटेलगत चार बाकडी टाका, एवढंच मागणं आहे. निवेदन लिहून झालंय. रविवारी सकाळी नऊला बागेच्या दाराशी सह्या घ्यायला बसतोय. येताना घरी आईवडिलांना एवढं विचारून या, ती पाकिटं कधीपासून चालू आहेत.