रात्रपाळीचा सी-आर्म

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री व मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हिंगोली

विषय : ऑपरेशन चालू असताना सर्जनला आतलं दाखवणाऱ्या यंत्रांबाबत

महोदय,

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या गावातून हे पत्र लिहितो आहे. माझी नोकरी सरकारी क्ष-किरण विभागात झाली. त्यातला बराच काळ शिशाचा ॲप्रन चढवून थिएटरात सी-आर्म या फिरवता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राजवळ उभं राहण्यात गेला. त्यामुळे पुढचं मागणं ऐकीव नाही.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन आपल्यापैकी कुणी जवळून पाहिलंय का? गावात त्याला ‘रॉड टाकला’ म्हणतात आणि विषय संपतो. पाय टेबलावर ताणून बांधलेला असतो. मांडीच्या वरच्या अंगाला छोटा छेद घेऊन सर्जन हाडात एक तार सरकवतो. ती तार हाडाच्या मानेतून वरच्या गोळ्यात बरोबर मधोमध जायला हवी, आणि बाहेरून तर काहीच दिसत नाही. सर्जन म्हणतो, “शॉट.” पडद्यावर हाड उमटतं. तार वर गेलीय. मागे घेतली, पुन्हा घातली, शॉट. समोरून ठीक दिसली म्हणून भागत नाही. सी-आर्म फिरवून बाजूनंही बघावं लागतं, कारण समोरून मधोमध वाटणारी तार बाजूनं पाहिली तर हाडाबाहेर निघालेली असू शकते. दोन्हीकडून जमली की मगच तिच्यावरून स्क्रू जातो. क्ष-किरणांची नळी टेबलाखाली ठेवायची, म्हणजे विखुरणारे किरण डॉक्टरांच्या तोंडाकडे कमी येतात. सांगण्याआधी कोन लावून तयार राहायचं, शॉट मोजून द्यायचे. हे सगळं तंत्रज्ञाच्या हातात असतं. तो नवखा असला किंवा नसलाच, तर भूल दिलेला पेशंट टेबलावर आणि सर्जन पडद्याकडे बघत ताटकळत.

असं म्हातारं माणूस शक्यतो दोन दिवसांच्या आत टेबलावर गेलेलं बरं. अंथरुणात पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि मोडलेल्या हाडापेक्षा त्यानंच माणूस जातं. पण आमच्या भागात खुबा मोडला की घरचे आधी नांदेडच्या गाडीची चौकशी करतात. महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंतचं कवच आहे, हे खरं. पण नांदेडला सोबत राहणाऱ्या लेकाची बुडालेली मजुरी कुठल्या कार्डावर मिळत नाही.

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी असताना नवा सी-आर्म आला. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे केबल गेली. देखभालीचा करार झालेलाच नव्हता. यंत्रावर हिरवी चादर पडली आणि हाडांचे पेशंट पुन्हा ‘रेफर’ होऊ लागले. कागदावर मात्र यंत्र ‘उपलब्ध’च होतं! धरणाकाठच्या माणसाला यात नवल वाटत नाही. धरण तुडुंब असलं तरी चारीवर पाणी सोडायला माणूस नसेल, तर टेलचं शेत कोरडंच राहतं.

आता हिंगोलीला 100 जागांचं वैद्यकीय महाविद्यालय झालं. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांसोबत त्याचं उद्घाटन केलं. खरेदीच्या याद्या निघतील आणि कुणीतरी रोबोटचं नाव काढेलच. माझा नव्या यंत्रांना विरोध नाही. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हाही हे श्रीमंतांचं खूळ म्हणणारे होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया गरिबालाच जास्त उपयोगी, कारण तो लवकर कामावर जातो, ही बाजू त्यांनी शेवटपर्यंत मांडली. आज त्याच दुर्बिणीला अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा जोडता येतो. इंडोसायनिन ग्रीन नावाचं हिरवं रंगद्रव्य शिरेतून दिलं की यकृत ते पित्तात सोडतं आणि पडद्यावर पित्तनळी उजळते. चुकून मुख्य नळी कापली गेली तर पेशंटचे हाल जन्मभर संपत नाहीत, म्हणून हे दिसणं मोलाचं. आतड्याचे तुकडे जोडण्याआधी तिथं रक्त पोचतंय का, हेही त्यात कळतं. रंगद्रव्य 1950च्या दशकातलं आहे, महाग आहे तो कॅमेरा. महाविद्यालयात तो जरूर यावा, पण चोवीस तास चालणाऱ्या सी-आर्मनंतर.

सोनोग्राफीचं यंत्रही असंच आतलं दाखवणारं. थिएटरात ती हवी म्हटलं की गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याकडे बोट दाखवलं जातं. 1994चा तो कायदा हवाच होता, मराठवाड्याला तर फारच. पण तो यंत्र वापरू नका म्हणत नाही, नोंदणी करा म्हणतो. हाताला भूल देताना शीर कुठे नि नस कुठे हे पडद्यावर बघून सुई घातली, तर सोयाबीनच्या मळणीयंत्रात हात गेलेल्या पोराला पूर्ण भूल देण्याची गरज बऱ्याचदा पडत नाही. हंगामात असे हात किती येतात, ते अपघात विभागाच्या रजिस्टरात बघावं.

आमच्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो उभं राहतंय. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसर धावणार आणि प्रोटॉनहूनही बारीक हालचाल मोजणार. अभिमान आहेच. ते यंत्र तंत्रज्ञांशिवाय चालेल असं मंत्रालयात कुणी म्हणणार नाही. आमच्या खुब्याच्या वेळीच तसं का गृहीत धरलं जातं?

म्हणून मागणं असं. सी-आर्मच्या खरेदी आदेशातच किरण आरपार जाणारं टेबल, पुरेसे ॲप्रन, थायरॉईडचे कॉलर आणि काही वर्षांचा देखभाल करार असावा. ॲप्रन अडकवायला स्टँडही द्या, घडी घातली की आतलं शिसं तडकतं आणि वरून ते कळत नाही. थिएटरातल्या प्रत्येकाच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला असावा, फक्त तपासणीच्या दिवशी नव्हे. यंत्र बंद पडलं तर कधी बंद पडलं आणि कधी दुरुस्त होणार, हे अपघात विभागाबाहेर फळ्यावर लिहावं, म्हणजे 108 रुग्णवाहिकावाल्यालाही कळेल.

आणि हिंगोलीत रात्रपाळीच्या थिएटर तंत्रज्ञाची पदं किती मंजूर आहेत, त्यांतली भरलेली किती, एवढं लेखी कळवावं.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली