लाल शाईचा भाव

परवा अमरावतीहून भाची आली. पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट, सेट उत्तीर्ण, आणि सहा वर्षे तासिका तत्त्वावर प्राध्यापक. रात्री जेवणे आटोपल्यावर ती लॅपटॉप उघडून बसली. "पेपर तपासतेस का गं?" मी विचारले. "हो मामाजी, पण विद्यार्थी माणूस नाही."

परदेशातली एक कंपनी तिच्याकडून यंत्राची उत्तरे तपासून घेते. प्रश्न हिने काढायचा, यंत्र दोन उत्तरे देणार; त्यांतले बरे कोणते आणि का, हे लिहायचे. मोबदला तासावर, डॉलरमध्ये. २०२२ साली ओपन-एआयच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले होते, की सुमारे ४० कंत्राटी माणसांकडून नमुन्याची उत्तरे आणि पसंतीक्रम घेऊन त्यांनी यंत्राला वळण लावले. आता यंत्र इतके पुढे गेले आहे, की त्याची चूक पकडायला विषयातलाच जाणकार लागतो.

तिने एक उत्तर दाखवले. उतारावरून न घसरता गडगडत येणारा भरीव गोळा, त्वरण काढा. यंत्राने 'जी साइन थीटा'च्या पाच-सप्तमांश हे अचूक उत्तर दिले. कारण मात्र असे, की उरलेली ऊर्जा घर्षणाने खाल्ली! अहो, तिथे घर्षण काहीच खात नाही. गोळ्याचा टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो; ऊर्जा जाते गोळ्याच्या फिरण्यात. "चुकते ते चुकते, वरून ऐट केवढी!" भाची म्हणाली.

मला हसू आले. हीच चूक मी अकोल्यात तीस वर्षे लाल शाईने खोडली आहे. उत्तर बरोबर, कारण चूक, गुण अर्धे. त्यावर पोरे हुज्जत घालायची, आणि त्या हुज्जतीतच शिकायची.

कंपनी विकत घेते ती नेमकी ही लाल शाई. १९२३ साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघाले, १९८३ मध्ये विद्यापीठ आले. तिथल्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली नजर रात्री तासावर विकली जाते. चार पैसे मिळवण्यात गैर काय? सलते ते निराळेच. भाचीच्या कॉलेजात फळ्यासमोरचा तास तेवढा मोजतात. वह्या तपासणे, चुकलेल्या पोराला जवळ बसवणे फुकट. कंपनी चूक वाचण्याचे मिनिटही मोजते.

अर्थात कंपनीही सोयरी नव्हे. एप्रिलमध्ये एका सकाळी दोन ओळींचा निरोप आला, प्रकल्प बंद. तीन आठवडे काही नाही, मग पुन्हा बोलावणे. दोन्हीकडे तासाची चाकरी, उद्याची हमी कुठेच नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग' कामगाराची व्याख्या आहे, पण कामगार म्हणवून घ्यायला आपल्या प्राध्यापिकेची जीभ रेटत नाही.

रिक्त पदे पूर्णवेळ भरा, हे तर आहेच. तोवर निदान वह्या तपासण्याचा तास हा तास म्हणून मोजा.

साडेअकराला लॅपटॉप मिटून तिने पिशवीतून दुसऱ्या वर्षाच्या वह्या काढल्या. "पुढच्या सत्रात कॉलेज सोडू का, मामाजी?" म्हणाली. मी काही बोललो नाही. अर्ध्या वह्या माझ्याकडे ओढल्या आणि लाल पेन शोधू लागलो.